ऐकणारा समोर हवा

दर वर्षी पहिले सत्र संपावयास आले की मी सातवीच्या वर्गाला 'माझी आई' हा निबंध घालतो. चाळीस वह्या घरी येतात आणि त्या चाळीस वह्यांतल्या चाळीसही आया पहाटे पाचला उठतात, अंगणात सडा घालतात, देवापुढे दिवा लावतात आणि मुलांवर सुसंस्कार करून रात्री सर्वांच्या नंतर झोपतात. आमचे नांदगाव हे रेल्वेचे आणि कांद्याचे गाव आहे. इथल्या कितीतरी घरांना अंगणच नाही, मग सडा कुठे घालणार? एकदा मी एका मुलीला जवळ बोलावून विचारले, "तुझी आई खरेच पाचला उठते का ग?" ती म्हणाली, "नाही सर. ती कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते, रात्री उशिरा येते. सकाळी आम्हीच तिला उठवतो." मी म्हटले, "मग तसे का नाही लिहिलेस?" त्यावर तिने मान वर करून मला जे विचारले त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ती म्हणाली, "सर, तसं लिहायचं असतं का?"

या लेखात मी त्या प्रश्नाचेच उत्तर शोधणार आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. टीकाशास्त्राची परिभाषा मला येत नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आणि पुष्कळ वाचल्या, एवढेच माझे भांडवल. त्यामुळे वाचकांनी या लेखाकडे पंडिताचे विवेचन म्हणून न पाहता, एका वाचकाने दुसऱ्याला दिवाळीच्या फराळाबरोबर सांगितलेल्या चार गोष्टी म्हणून पाहावे.

हल्ली 'आतला आवाज ऐका' असा उपदेश सगळीकडे ऐकू येतो. मन अशांत झाले की वही घ्या, एकांतात बसा, मनात येईल ते लिहा, म्हणजे तुम्हाला तुमची ओळख पटेल, असे सांगतात. सल्ला वाईट नाही. मी स्वतः तो वीस वर्षे पाळला. माझ्या ट्रंकेत रोजनिशीच्या अकरा वह्या आहेत. मागे एका उन्हाळ्यात त्या सर्व काढून सलग वाचल्या, आणि माझ्या ध्यानात आले की या वह्यांत जो गृहस्थ राहतो तो अतिशय सज्जन आहे. त्याच्यावर सगळ्यांनी अन्याय केला आहे. त्याने मात्र कुणावर केलेला नाही. त्याचे कधी चुकलेच, तर ते त्याच्या भोळेपणामुळे. असा माणूस मी अजून उभ्या जन्मात पाहिलेला नाही आणि आरशात तर मुळीच नाही. एकांतात बसून मी ज्याला आतला आवाज समजत होतो, तो माझ्या वकिलाचा आवाज होता. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी होती.

म्हणून माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आतला आवाज एकांतात आपोआप ऐकू येत नाही. तो कुणाला तरी सांगताना ऐकू येतो. लिहून स्वतःला ओळखावयाचे असेल, तर ज्याच्यापुढे खोटे बोलताना जीभ अडखळेल असा एखादा ऐकणारा समोर असावा लागतो. मग तो प्रत्यक्ष असो की मनातला असो. मराठीतली जी थोडी आत्मकथने मला खरी वाटतात, त्यांच्यात असा ऐकणारा कुठे ना कुठे बसलेला दिसतो. फार लांबची उदाहरणे घेत नाही. आमच्या नाशिक जिल्ह्याच्या अंगणातली आणि शेजारची घेतो.

नांदगावहून छत्रपती संभाजीनगरकडे एस. टी. ने निघालात की वाटेत शिऊर बंगला हा फाटा लागतो. वैजापूर तालुक्यातल्या या शिऊर गावी संत बहिणाबाईंची समाधी आहे. वेरूळजवळच्या देवगावात १६२८ च्या सुमारास जन्मलेली आणि १७०० साली देह ठेवलेली ही बाई तुकोबांची शिष्या. तिचे नाव भक्तीच्या संदर्भात सगळे घेतात. पण तिने अभंगांतून आपली स्वतःची हकीकत क्रमाने सांगितली आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. मराठीत बाईने लिहिलेले पहिले आत्मचरित्र म्हणून त्या अभंगांकडे बोट दाखवितात. सन १९२९ मध्ये जस्टिन ॲबट या मिशनरी अभ्यासकाने त्यांचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध केला.

ही हकीकत काय आहे? अगदी लहान वयात, तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न. पुढे भाऊबंदकीमुळे घर सोडावे लागले आणि सगळे कुटुंब गावोगाव फिरत कोल्हापूरला येऊन राहिले. तिथे एक गाय आणि तिचे वासरू यांच्यावर अकरा वर्षांच्या या पोरीचा जीव जडला. वासरू तिच्यामागे कीर्तनालासुद्धा जाई. त्यावरून गावात बोलबाला झाला आणि नवऱ्याने तिला मारले. पुढे ते वासरू मेले. पोर बेशुद्ध पडली आणि त्या अवस्थेत तिला, जन्मात कधी न पाहिलेल्या, तुकोबांचे दर्शन झाले. झाले! ब्राह्मणाच्या घरची सून शूद्राला गुरू म्हणते, म्हणून घरात आगडोंब उसळला. नवरा तिला टाकून निघावयास तयार झाला.

आता इथे एखाद्या सामान्य चरित्रकाराने काय केले असते? बहिणाबाईंना ठाम उभे केले असते आणि नवऱ्याला दुष्ट रंगविले असते. बहिणाबाई तसे करीत नाहीत. नवरा टाकून निघाला तेव्हा आपण किती घाबरलो, नवराच आपला देव असताना दूरच्या तुकोबांना घेऊन काय करावयाचे, असे आपल्याला कसे वाटले, तेही त्या सांगतात. बाईच्या जन्माला येऊन वेदांना मुकलो, हे दुःखही त्या लपवीत नाहीत. एकाच मनात दोन आवाज आहेत. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही एकमेकांशी भांडत आहेत. आतला आवाज म्हणजे आकाशवाणीसारखा एकच स्वच्छ स्वर, अशी आपली जी समजूत असते ती इथे पार नाहीशी होते. आत बहुधा भांडण असते. जो ते भांडण जसेच्या तसे मांडतो तो स्वतःच्या जवळ पोहोचतो. जो एका बाजूचा निकाल आधीच लावून मग लिहावयास बसतो त्याच्या हाती फक्त निकालपत्र राहते.

आणि ऐकणारा कोण? अखेरच्या दिवसांत बहिणाबाईंनी आपल्या मुलाला, विठ्ठलाला, जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची कथा सांगितली, असे त्यांचे अभंगच सांगतात. पूर्वजन्मांवर कुणाचा विश्वास असो वा नसो. मला ते दृश्य मोलाचे वाटते. मरणाच्या उंबरठ्यावरची आई मुलाला आपण कोण आहोत ते सांगते आहे. अशा वेळी माणूस सजावट करीत नाही.

योगायोग असा, की मराठीतली दुसरी बहिणाबाईही मुलामुळेच आपल्याला मिळाली. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि घरातले एक नातलग टिपून घेत. बाई १९५१ मध्ये गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या नजरेला ती वही पडल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघाले. म्हणजे स्वतःला ओळखावयास लेखणी हातातच धरावी लागते असेही नाही. कानाने ऐकणारा आणि हाताने टिपणारा जवळ असला तर निरक्षर बाईचे मनही साहित्य होते. उलट लेखणी आहे, कागद आहे, पण ऐकणारा नाही, अशी माझी ट्रंकेतल्या अकरा वह्यांसारखी गत होते.

आता नाशिककडे वळू. शहराजवळच्या जलालपूर गावी १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नसतील त्यांनी या दिवाळीत एवढे एकच पुस्तक घरात आणले तरी पुरे. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे चरित्र लिहावे म्हणून मुलगा देवदत्त यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितल्या, आणि त्या आठवणींचे पुस्तक झाले. ते १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. चौथा भाग पुरा होण्यापूर्वीच, १९३६ मध्ये, बाई गेल्या. तो मुलाने पुरा केला. इथेही आई सांगणारी आणि मुलगा ऐकणारा, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

पुस्तक लिहावयास घेतले नवऱ्याविषयी. पण झाले ते स्वतःविषयी. हे कसे घडले, याचा विचार केला म्हणजे आत्मशोधाचे एक मर्म हाती लागते. 'मी कोण' असा प्रश्न समोर ठेवून बसले तर मनुष्य गप्प तरी होतो किंवा फुगतो. लक्ष्मीबाई तो प्रश्न विचारीतच नाहीत. वडिलांचे सोवळ्याचे वेड, मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत गेलेले. नवऱ्याचा शीघ्रकोप, त्याचा विसरभोळेपणा, घरात पैसा टिकू न देणारे त्याचे औदार्य. कुणाला न सांगता निघून जाण्याची त्याची सवय, हे सारे त्या सांगत सुटतात. आणि या माणसांशी भांडणारी, रडणारी, हसणारी एक बाई कडेकडेने उमटत जाते. कुंभार मडके घडवितो तेव्हा त्याच्या बोटांचे ठसे मडक्यावर राहतात. त्यासाठी त्याला वेगळे ठसे उमटवावे लागत नाहीत.

तरी एवढ्यावर हे पुस्तक थोर झाले नसते. त्याचे थोरपण मला दिसते ते धर्मांतराच्या भागात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. बाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे ताटातूट झाली. मग त्या नवऱ्याकडे परत आल्या. पण आल्यावरही त्यांनी आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले होते. पुढे त्यांचे मन बदलले, जातिभेद माणसाने केला आहे असे त्यांना पटले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आता विचार करा. ज्या बाईने पुढे आयुष्यभर अनाथांना, आजाऱ्यांना जात न विचारता जवळ केले, तिला वीस-पंचवीस वर्षांनी मागे वळून पाहताना आपल्या जुन्या सोवळ्याओवळ्याची लाज वाटणे स्वाभाविक होते. ते प्रकरण तिला दोन ओळींत उरकता आले असते, किंवा 'माझ्या मनात तेव्हाही समता होतीच' असे म्हणता आले असते. कोण तपासणार होते? पण लक्ष्मीबाई आपले जुने मन जुन्याच रंगात रंगवितात. विटाळाची धास्ती, रुसवे, हट्ट, सारे काही. आणि त्यावर स्वतःच हसतात. हे हसणे फार दुर्मिळ आहे. स्वतःला झोडपून काढणारे लेखक पुष्कळ असतात. त्या झोडपण्यातही एक ऐट असते. स्वतःकडे पाहून सहज हसावयास मात्र मन स्वच्छ असावे लागते.

आता तिसरे पुस्तक. नाशिकच्याच तुरुंगात साने गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी 'श्यामची आई' लिहावयास घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे संपविली. पाच दिवसांत लिहिलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या घराघरांत त्याने डोळे ओले केले आहेत. अत्र्यांनी १९५३ मध्ये त्याचा बोलपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे वाचकांना ठाऊकच आहे.

आजचे काही चोखंदळ वाचक या पुस्तकाला नाके मुरडतात. अश्रू फार आहेत, आई फार निर्दोष आहे, असे म्हणतात. मी त्यांच्याशी निम्मा सहमत आहे. श्यामची आई ही बहिणाबाई किंवा लक्ष्मीबाई यांच्यासारखी भांडणारी, गोंधळणारी हाडामांसाची बाई कमी आणि मुलाच्या स्मरणातली मूर्ती अधिक आहे. माझ्या वर्गातल्या चाळीस निबंधांच्या आया तिच्याच दूरच्या नात्यातल्या असतील, असेही मला कधीकधी वाटते. पण नाक मुरडणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. या पुस्तकात आईची परीक्षा चाललेलीच नाही. परीक्षा चालली आहे ती श्यामची. आश्रमात प्रार्थनेनंतर मित्र जमतात आणि बेचाळीस रात्री श्याम बोलतो. तो बहुतेक वेळा आपली चूक घेऊन येतो. पोहावयास जाण्याच्या भीतीने लपून बसलेला आणि आईचा मार खाल्लेला श्याम. हट्टी श्याम, भित्रा श्याम. मूर्तीपुढे उभा राहून तो कबुली देतो आहे. आणि सर्वांत मोठी कबुली शेवटी येते. आईच्या अखेरच्या क्षणी श्याम तिच्याजवळ नव्हता. गुरुजींच्या आई १९१७ मध्ये वारल्या आणि पुस्तक लिहिले १९३३ मध्ये. सोळा वर्षे जे मनात घोळत होते, ते तुरुंगाच्या भिंतीआड पाच दिवसांत बाहेर पडले. मला वाटते, त्या मित्रांच्या आडून गुरुजींना ऐकणारी हवी होती ती आईच. तिला सांगावयाचे राहून गेले होते.

त्याच १९३३ च्या मे महिन्यात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी हरिजन कार्यासाठी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले आणि ते आपण आतल्या आवाजाच्या आज्ञेवरून करीत आहोत असे सांगितले. 'आतला आवाज' हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांतून फार गाजला. लोकांनी पुरावा मागितला. तो मला देता येणार नाही, असे गांधीजींनी कबूल केले. महापुरुषांचे सोडून देऊ. तुमच्या-माझ्यासारख्याला मात्र पुराव्यावाचून या आवाजावर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. कारण आपल्या आतला आवाज बहुधा आपल्याला सोयीचे तेच सांगतो. आवाज खरा की वकिली, हे ओळखण्याची माझी एक साधी खूण आहे. लिहिताना ज्या वाक्यापाशी हात थांबतो, जे लिहिले तर आपले नुकसान होईल असे वाटते, ते वाक्य बहुधा खरे असते.

ही खूण मला पुस्तकांतून मिळालेली नाही. ती कशी मिळाली ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझे वडील वारले तेव्हा मी परगावी होतो. माझ्या पहिल्या कथेला बक्षीस मिळाले होते आणि त्याचा समारंभ होता. निरोप संध्याकाळी मिळाला. मी पहाटे घरी पोहोचलो, तोवर सारे आटोपले होते. पुढे मी एक कादंबरी लिहिली. तिच्यात बाप मरतो त्या रात्री मुलगा उशाशी बसलेला आहे, बापाचा हात त्याच्या हातात आहे. हे प्रकरण पुष्कळांना आवडले. एकाने पत्र पाठवून कळविले की वाचताना अश्रू आवरले नाहीत. आईला वाचता येत नाही, म्हणून एका दुपारी मी तिला ते प्रकरण वाचून दाखविले. ती शेंगा फोडत होती. वाचून झाले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तू तव्हा इथं कुठं व्हता रे भाऊ?" मी म्हटले, "आई, ती कादंबरी आहे. आणि माझी गाडी चुकली होती, हे तुला माहीत आहे." ती म्हणाली, "व्हय, गाडी चुकली व्हती." आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

गाडी चुकली होती हे मी सगळ्यांना सांगितले होते, स्वतःलाही. अकरा वह्यांत ते तीनदा लिहिलेले आहे. पुढे मुलगी शिकावयास दुसऱ्या गावी गेली आणि तिने पत्रातून विचारले की आजोबा कसे होते, ते गेले तेव्हा काय झाले. तिला उत्तर लिहावयास बसलो. 'माझी गाडी चुकली' एवढे लिहिले आणि हात थांबला. रेल्वेच्या गावात वाढलेली पोर आहे. ती लगेच विचारील, मग पुढची गाडी? आणि पुढची गाडी होती. दोन तासांनी होती. मी स्टेशनवरच्या बाकावर बसून ती येताना पाहिली आणि जाताना पाहिली. माझ्याने उठवले नाही. बाप मरताना पाहण्याची मला भीती वाटली, आणि मी तिसऱ्या गाडीने आलो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण वीस वर्षांत ते शब्दांत कधी आले नव्हते. ते मुलीच्या पत्रात आले, कारण ती ऐकणार होती.

त्या दिवाळीत मी ते पत्र आईलाही वाचून दाखविले. ती रागावेल किंवा रडेल असे मला वाटले होते. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुझा आजा मरत व्हता तव्हा तुझा बाप बी घरात आला नाही. रातभर बैलापाशी बसून राह्यला." एवढी मोठी गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. मी माझे खरे सांगेपर्यंत तिने तिचे राखून ठेवले होते. बापाविषयी चारशे पानांची कादंबरी लिहूनही मला जो बाप भेटला नव्हता, तो त्या एका वाक्यात भेटला.

यानंतर दया पवारांचे 'बलुतं' मी पुन्हा वाचले आणि ते मला नव्याने कळले. हे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मकथनाची वाटच त्याने बदलली. दलित जीवनाचा दस्तऐवज म्हणून त्याची थोरवी सर्वमान्य आहे. मी त्याच्या मांडणीकडे लक्ष वेधतो. इथे अकोले तालुक्यातल्या धामणगावचा दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आहे आणि ऐकणारा आहे दया पवार. म्हणजे गावकुसाबाहेरचा पोर सांगतो आणि शिकलेला, शहरात नोकरी करणारा, कवी म्हणून नाव झालेला तोच माणूस ऐकतो. मराठी लेखकाने आपल्यातल्या दोघांना असे समोरासमोर क्वचितच बसविले असेल. आणि ऐकणारा आपलाच असला तरी तो सवलत देत नाही. समाजाने केलेल्या अन्यायाची हकीकत सांगता सांगता दगडू आपल्या पहिल्या बायकोशी आपण कसे वागलो त्याचीही हकीकत सांगतो. ज्याच्यावर एवढा अन्याय झाला त्याला आपला अन्याय झाकून ठेवण्याची मुभा कुणीही दिली असती. त्याने ती घेतली नाही. म्हणून त्याची फिर्याद अधिक भारी झाली, हलकी झाली नाही.

या पुस्तकांना एका माळेत ओवताना त्यांचे वेगळेपण मी विसरलेलो नाही. बहिणाबाईंना मुक्ती हवी होती, लक्ष्मीबाईंना नवऱ्याची आठवण जागवावयाची होती, गुरुजींना ऋण फेडावयाचे होते, दगडूला फिर्याद मांडावयाची होती. 'स्वतःला ओळखावे' म्हणून यांपैकी कुणीही लिहिले असे मला वाटत नाही. ओळख वाटेत झाली. म्हणूनच हल्ली जी गुळगुळीत कागदावरची आत्मचरित्रे निघतात, पानोपानी सत्काराची छायाचित्रे असलेली, ती वाचून कुणाचीच ओळख पटत नाही. त्यांत ऐकणारा नसतो. फक्त टाळ्या वाजविणारा गृहीत धरलेला असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ऐकणाऱ्याच्या धाकाने माणूस उलट अधिक खोटे बोलतो, असे कुणी म्हणेल. माझ्या कादंबरीत हेच झाले होते. हजार वाचकांसाठी लिहिले आणि मी उशाशी जाऊन बसलो. म्हणून ऐकणारा गर्दी असून चालत नाही. तो एकच असावा, आपल्यावर माया करणारा असावा आणि आपल्याला पुढची गाडी कोणती होती ते विचारणारा असावा. माया नसेल तर आपण सांगणार नाही. प्रश्न नसेल तर खरे सांगणार नाही.

त्या मुलीचा प्रश्न उरला आहे. तसं लिहायचं असतं का? आता मी निबंधाचा विषय बदलला आहे. आईवर लिहू नका, आईला पत्र लिहा, असे सांगतो. आणि ते तिला वाचून दाखवा, मला वही नंतर दिलीत तरी चालेल. गेल्या वर्षी एका मुलाने चारच ओळी लिहिल्या. त्याने घरातले वीस रुपये घेतले होते आणि त्यावरून त्याच्या धाकट्या भावाला मार बसला होता. शुद्धलेखनाच्या पाच चुका होत्या. मी त्या लाल शाईने दाखविल्या नाहीत. खाली फक्त 'वाचून दाखविलेस का?' असे लिहिले. दोन दिवसांनी वही परत आली, तेव्हा माझ्या प्रश्नाखाली पेन्सिलीने 'हो' लिहिलेले होते.

दिवाळीत घरी माणसे जमतात. फराळ होतो, पणत्या लागतात, मुले फटाके उडवून दमून येतात. अशा एखाद्या रात्री आजीजवळ किंवा आईजवळ बसावे आणि तिला काहीतरी विचारावे. आणि त्याआधी, जमल्यास, आपले काहीतरी खरे तिला सांगावे. तिच्याजवळही राखून ठेवलेले असेल.